अंगठी घातलेला माणूस

१८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली गेली. वैधव्यात झालेले बाळ तिने मारले, हा गुन्हा. का मारले, हे शोधायला वकील लागत नव्हता. मूल जगले असते तर ती जगू शकली नसती. निदान त्या गावात, त्या जातीत, त्या घरात तरी नाही. पुढे अपील झाले आणि फाशीऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा ठरली. पण निकालापेक्षा मोठा गदारोळ वर्तमानपत्रांत उठला. ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने एका विजयालक्ष्मीचे निमित्त करून समस्त बायकांच्या चालचलणुकीचा पंचनामा मांडला.

हा पंचनामा बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांच्या वाचनात आला.

बुलढाणा त्या वेळी कचेऱ्यांचे लहानसे गाव. वऱ्हाड कागदावर निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा. रेल्वे होती ती घाटाखाली, मलकापुरात. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचारांचे होते आणि १८७१ साली त्यांनी शिकलेल्या देशबांधवांना चार गोष्टी सुनावणारे एक पुस्तकही काढले होते. आसपास मुलींची शाळा नव्हती. म्हणून चार भावांतल्या या एकुलत्या एका मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्न लवकर झाले, नवरा घरजावई म्हणून आला, मूलबाळ झाले नाही. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ताराबाईंचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध बाहेर पडला. पाने ५२, प्रती ५००, किंमत नऊ आणे.

सिंदखेडराजाला दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी हजारो माणसे लोटतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच जिल्ह्यातल्या या दुसऱ्या बाईचे नाव स्पर्धा परीक्षेच्या एका गुणाच्या प्रश्नापलीकडे फारसे निघत नाही. त्या पुस्तकात काय आहे, हे विचारले तर उत्तर येते: स्त्रियांची बाजू. एवढ्याने भागत नाही. चारित्र्य आणि लौकिक या दोन गोष्टी समाजाने कशा एकात एक कालवून टाकल्या आणि त्या कालवाकालवीचा फायदा कोणाला झाला, याचा इतका रोखठोक हिशेब मराठीत त्याआधी कोणी मांडल्याचे मला आठवत नाही.

ताराबाईंची युक्तिवादाची पद्धत कचेरीत वाढलेल्या माणसासारखी आहे. आरोपांची यादी समोर ठेवायची आणि एकेक कलम विचारात घ्यायचे. बायका कपटी असतात, चंचल असतात, मोहाला बळी पडतात, असे पोथ्यापुराणांपासून नाटक-कादंबऱ्यांपर्यंत सगळे सांगतात ना? ठीक आहे. मग यातला कुठला दुर्गुण पुरुषांत नाही, तो दाखवा. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारात गेली. बायकोसाठी तिथवर गेलेला एखादा नवरा पुराणात तरी आहे का? बायको मेली की दिवस होताहोताच दुसरी आणण्याची बोलणी सुरू, आणि नवरा मेला की तिचे केस उतरवायचे, तोंड झाकायचे, शुभकार्यातून तिला उठवायचे. आणि पतीला देव मानायचे तर त्याने देवासारखे वागायला नको का?

हा सगळा मजकूर आज वाचताना मिरचीच्या खाटासारखा नाकात जातो. पण त्यातला कळीचा मुद्दा वेगळा आहे. एका बाईने केलेल्या कृत्याचा डाग सगळ्या बायकांना लागतो आणि त्यात भागीदार असलेल्या पुरुषाचा डाग त्याला एकट्यालाही लागत नाही, हे ताराबाईंनी बरोबर हेरले. विजयालक्ष्मीचे बाळ आकाशातून पडले नव्हते. फूस लावणारा कोणीतरी होता. तो खटल्यात नव्हता, अग्रलेखांत नव्हता आणि बहुधा गावात मानाने वावरत होता.

इथे एक जुनी ग्रीक गोष्ट आठवते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकन ती सॉक्रेटिसला सांगतो. लिडिया देशातल्या एका धनगराला भुईच्या भेगेत एक अंगठी सापडते. खडा आत वळवला की घालणारा अदृश्य होतो. धनगर राजवाड्यात जातो, राणीला वश करतो, तिच्या मदतीने राजाला मारतो आणि गादीवर बसतो. ग्लॉकनचे म्हणणे असे, की ही अंगठी सज्जनाला दिली काय आणि दुर्जनाला दिली काय, दोघेही एकाच वाटेने जातील. माणूस नीट वागतो तो पकडले जाण्याच्या भीतीने. मग तो आणखी कठीण पेच टाकतो. एक माणूस अंतर्बाह्य अन्यायी, पण लोकांत त्याचे नाव न्यायी म्हणून. दुसरा खरोखर न्यायी, पण लोकांत बदनाम, इतका की शेवटी त्याचे हाल करून त्याला ठार मारतात. आता सांगा, या दोघांत सुखी कोण?

चारित्र्य आणि लौकिक वेगळे करून पाहण्याचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातला हा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग. दोन हजारांहून अधिक वर्षे विद्वान त्यावर लिहीत आहेत. त्या गोष्टीतल्या राणीचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा चर्चेत येत नाही. धनगराला अंगठी होती, राणीला नव्हती. बुलढाण्याच्या ताराबाईंनी प्लेटो वाचला होता की नाही, याने काही बिघडत नाही. त्यांनी राणीच्या बाजूने प्रश्न विचारला. आपल्या समाजात ही अंगठी काल्पनिक नाही, ती पुरुषाला जन्मतःच मिळते, एवढेच त्यांचे म्हणणे.

आणि ही अंगठी केवळ रूढीने दिलेली नव्हती, कायद्यानेही दिलेली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले ४९७ वे कलम व्यभिचाराचे. त्यात शिक्षा फक्त पुरुषाला होती, बाईला नाही. वरवर पाहता ताराबाईंच्या तक्रारीच्या अगदी उलट! पण कलमाचे शब्द नीट पाहिले की गोम कळते. गुन्हा होता दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवण्याचा. म्हणजे नुकसान झाले ते नवऱ्याचे. विधवेला नवराच नाही, तेव्हा नुकसान कोणाचेच नाही, तेव्हा गुन्हाही नाही. विजयालक्ष्मीला फसवणारा पुरुष उद्या कोर्टात येऊन सगळे कबूल करता, तरी या कलमाखाली त्याच्या केसालाही धक्का लागला नसता. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केले.

विधवेच्या बाजूला नावाची किंमत भाकरीत मोजली जायची. सासरी तिला पोटगी मिळे ती ‘नीट’ वागण्याच्या अटीवर. विधवेकडे एकदा आलेली नवऱ्याची मिळकत नंतरच्या वर्तनामुळे काढून घेता येत नाही, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने मोनिराम कोलिता खटल्यात १८८० साली दिला, म्हणजे सुरतेच्या प्रकरणाच्या जेमतेम वर्षभर आधी. आणि त्यावर मोठा आरडाओरडा झाला. पण मिळकत असलेल्या विधवा किती? बाकीच्यांचे अन्न, छप्पर, माहेरचा उंबरठा, सगळे चारचौघांच्या तोंडावर अवलंबून. शिवाय डाग एकटीवर थांबत नव्हता. जात बसायची, ग्रामण्य उभे राहायचे, घराला वाळीत टाकले जायचे, धाकट्या बहिणींची लग्ने अडायची.

म्हणून ‘लोक काय म्हणतील याची पर्वा न करता मनाला पटेल ते करा’ हा उपदेश मला नेहमीच थोडा उथळ वाटत आला आहे. तो देणाऱ्याला बहुधा पगार चालू असतो. लौकिक म्हणजे नुसती फुशारकी असती तर ती सोडणे सोपे होते. पण ज्याच्याकडे जमीन नाही, पैसा नाही, पद नाही, त्याच्याकडे नाव हेच भांडवल असते. त्या माणसाला ‘नाव गेले तरी चालेल’ म्हणणे म्हणजे ‘उपाशी राहिलास तरी चालेल’ म्हणण्यासारखेच.

विजयालक्ष्मीच्या प्रकरणात तर याहून अवघड गाठ आहे. जिला अब्रूची फिकीर नाही ती बाई मूल वाढवते. गाव शिव्या देते, ती ऐकते. मारते ती लाजेने अर्धमेली झालेली. म्हणजे समाजाने मुलींना लहानपणापासून जो गुण शिकवला, ज्याला तो शील म्हणत आला, त्याच गुणाने तिचा हात धरून ते काम करवून घेतले. आणि नंतर त्याच समाजाने विचारले: हिला काही चारित्र्य आहे की नाही?

ॲडम स्मिथ या स्कॉटिश विचारवंताने १७५९ सालच्या नैतिक भावनांवरील ग्रंथात स्तुतीची हाव आणि स्तुतीला पात्र होण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. पहिली लोकांकडे पाहते. दुसरी मनातल्या एका तटस्थ साक्षीदाराकडे पाहते, लोकांनी पाहिले नाही तरी. वाचायला छान वाटते. पण स्मिथ लबाड नव्हता. पुढे त्याच ग्रंथात रूढी माणसाची नीतिबुद्धी कशी नासवते, हे सांगताना त्याने नेमके नवजात अर्भके टाकून देण्याचे उदाहरण घेतले. ग्रीसमधल्या जवळजवळ सर्व राज्यांत ही चाल होती आणि ॲरिस्टॉटल-प्लेटोसारख्यांनाही तिच्यात काही वावगे दिसले नाही, हे तो नोंदवतो. म्हणजे तो मनातला साक्षीदारसुद्धा गावातच वाढलेला असतो. त्याच्यावर सगळा भार टाकून चालत नाही.

चारित्र्याबद्दल मानसशास्त्राने केलेला एक मोठा जुना अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना फसवणूक करण्याच्या, खोटे बोलण्याच्या, पैसे उचलण्याच्या संधी मुद्दाम निर्माण करून दिल्या. निष्कर्ष १९२८ पासून प्रसिद्ध झाले आणि अनेकांना रुचले नाहीत: वर्गात नक्कल करणारे मूल खेळात प्रामाणिक असू शकते आणि उलटही. प्रामाणिक मुले आणि लबाड मुले अशा दोन पेट्या काही भरेनात. या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला, प्रसंगांच्या पलीकडे माणसात काही सातत्य असते हेही दाखवले गेले. तरी एका कृत्यावरून माणसाचे सगळे पाणी जोखू नये, इतके त्यातून निश्चित उरले. ‘पुणे वैभव’ने तर एका कृत्यावरून निम्म्या मनुष्यजातीचे पाणी जोखले होते.

आता उपाय काय, याकडे येऊ. इथे मला ताराबाईंपेक्षा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले जास्त व्यवहारी वाटतात. विजयालक्ष्मीच्या आधी अठरा वर्षे, १८६३ साली, पुण्यात जवळजवळ तसेच प्रकरण झाले होते. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. एकाने तिला फसवले, मूल झाले, तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला अंदमानला धाडण्यात आले. त्या वर्षी फुल्यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ब्राह्मण वस्तीत जाहिराती लावल्या. विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे ते स्वतः ठरवावे. सावित्रीबाई बाळंतपणे करीत. १८८४ सालापर्यंत ३५ विधवा तिथे येऊन गेल्या, असे जोतीरावांनी सरकारला पाठवलेल्या टिपणात म्हटले आहे. १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला.

या गृहाची थोरवी कळायला लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलकडे पाहावे. थॉमस कोरमने १७३९ साली सनद मिळवून स्थापलेली ही संस्था टाकलेल्या अर्भकांसाठी नावाजलेली. एकोणिसाव्या शतकात तिथे मूल ठेवायला आलेल्या अविवाहित आईला अर्ज करावा लागे. हे तिचे पहिलेच मूल आहे ना? याआधी तिची चालचलणूक चांगली होती ना? पुरुषाने लग्नाचे वचन देऊन सोडले ना? तिची लाज फार जणांना कळलेली नाही ना? चौकशी समाधानकारक झाली तर मूल आत. म्हणजे मदत हवी तर आधी चारित्र्याचा दाखला आणा. फुल्यांच्या दारात हा दाखला लागत नव्हता. त्यांनी त्या बाईला धैर्याचे प्रवचनही दिले नाही की समाजासमोर छाती काढून उभी राहा म्हणून सांगितले नाही. नाव जाण्याच्या भीतीने जीव जातो आहे ना? मग नाव झाकून देऊ, जीव वाचू दे. तिचे नाव झाकताना आपले नाव पणाला लागते आहे, हे त्यांना ठाऊक होतेच. पंढरपुरात सबजज्ज लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली सुरू केलेला, प्रार्थना समाजाचा बालकाश्रम हाही त्याच जातकुळीचा.

ताराबाईंच्या वाट्याला आलेली निवड वेगळी होती. त्यांना कोणाचा जीव घ्यायचा-वाचवायचा नव्हता. निबंधावर स्वतःचे नाव घालायचे की नाही, एवढेच ठरवायचे होते. एवढेच म्हणतो खरे, पण कुलीन म्हणवणाऱ्या मराठा घरात बाईचे नाव चारचौघांत घेतले जाणेही त्या काळी खटकायचे. कुणब्यांत पाट लागत होता, विधवा पुन्हा संसाराला लागत होत्या. वरच्या मराठा घराण्यांत तो बंद आणि पडदा मात्र चालू. घराणे जितके ‘चांगले’ तितकी बाई जास्त कोंडलेली. ताराबाई प्रस्तावनेत स्वतःचा उल्लेख मराठ्यांच्या घरात कोंडलेली, अल्पबुद्धीची अशा नम्र शब्दांत करतात आणि पुढच्या पानापासून भल्याभल्यांची सालटी काढतात. नम्रता प्रस्तावनेपुरती! लग्नाची लेक घरात नव्हती, नवरा त्यांच्या माहेरी राहणारा, वडील पाठीशी. बदनामीचा फटका इतर बाईपेक्षा त्यांना थोडा कमी बसला असता, असे कोणी म्हणेल. असेल. तेवढीच मोकळीक असलेले पुरुष तेव्हा शेकड्यांनी होते आणि त्यांनी लिहिले नाही.

पुस्तकाचे स्वागत थंडच झाले. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’ या आपल्या प्रकाशनाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, त्यांना लेकीच्या मायेने संबोधले आणि निबंध वाचण्याची सहकाऱ्यांना शिफारस केली. त्यानंतर मोठी शांतता. ताराबाई १९१० च्या सुमारास वारल्या; दुसरे पुस्तक आले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा प्रकाशात आणले आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांच्या इंग्रजी भाषांतराने ते जगभरच्या विद्यापीठांत पोचले. आज ते भारतातल्या स्त्रीवादी लेखनाच्या पहिल्या पुस्तकांपैकी एक मानले जाते. नव्वद वर्षे उशिराने मिळालेला लौकिक, आणि लेखिकेला त्याचा दमडीचाही उपयोग नाही.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात आता स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा. वाळीत टाकणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. याआधी १९४९ चा मुंबई कायदा होता, तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. बहिष्काराची पद्धत मात्र बदलली आहे. पूर्वी जात बसायला दिवस ठरवावा लागे. आता एक फोटो व्हॉट्सॲपवर पडला की घाटावर निघालेली गोष्ट संध्याकाळच्या आत घाटाखाली पोचते, आणि फोटोत जो नाही त्याची अंगठी अजून शाबूत असते.

आणि उकिरड्यावर, बसस्थानकावर, काटेरी झुडपात सोडलेल्या अर्भकांच्या बातम्या आजही येतात. बातमीत शीर्षक ठरलेले: निर्दयी माता. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ३५ वे कलम किती जणांना माहीत आहे, कोण जाणे. शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे मूल सांभाळणे ज्यांच्या हाताबाहेर आहे, त्यांनी ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आणून सुपूर्द करावे, अशी ही तरतूद आहे. समिती समजूत घालते, फेरविचाराला दोन महिने देते आणि आईचे नाव गोपनीय राहते. परिस्थितीच्या रेट्याने मूल सोडावे लागलेल्या जन्मदात्यांना मूल टाकल्याबद्दलची या कायद्यातली शिक्षा लागू होत नाही, हे ७५ व्या कलमात लिहिले आहे. मुलांसाठीच्या मदतीचा फोन क्रमांक १०९८, चोवीस तास. ही माहिती तालुक्याच्या दवाखान्यात, कॉलेजच्या मुलींच्या खोलीत आणि एसटी स्टँडच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूने, जिथे वाचणाऱ्या बाईला कोणी पाहत नाही अशा जागी, चिकटवायला एक कागद आणि थोडी खळ पुरते.